समेवरचा घास

पद्मजा कुरुंदवाडे मिरजेत गाण्यांचे ट्रॅक बनवायची. गाणाऱ्याचा आवाज सोडून बाकी सगळं तिचं असायचं: तबला, हार्मोनियम, बासरी, मागची व्हायोलिनं. निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टरांच्या बायका, एक माजी मुख्याध्यापक असे हौशी लोक तिच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत यायचे आणि बहुतेकांची तक्रार एकच असायची, की ट्रॅक फार पळतो, श्वास पुरत नाही. पद्मजा संगणकावर लय थोडी उतरवून द्यायची. पुढच्या आठवड्यात तोच माणूस येऊन सांगायचा, की आता अंतरा रेंगाळतो.

लय उतरवणं तसं सोपं झालं होतं. पूर्वी टेप हळू फिरवली की गायिकेचा आवाज पुरुषी व्हायचा, जोरात फिरवली की चिमणीसारखा. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले होते. संगणकानं ती गाठ सोडवली. तो आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करतो आणि ते एकमेकांवर कमी किंवा जास्त चढवून पुन्हा जोडतो. तुकड्याच्या आतला सूर जसाच्या तसा राहतो, फक्त तुकडे जवळ येतात किंवा लांब जातात. गाणं पळतं किंवा चालतं, सूर मात्र हलत नाही. पण एकदा ठरवलेली लय शेवटपर्यंत तीच राहायची. माणूस मात्र मुखड्यात एका लयीत असतो, दुसऱ्या अंतऱ्यात थकलेला असतो, आणि शेवटी टाळ्यांच्या आशेनं पळत सुटतो.

दस्तगीरचाचा म्हणायचे, तुझ्या ट्रॅकला हात आहेत, कान नाहीत.

दस्तगीर मुजावर हे तिचे तबल्याचे गुरू. आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला त्यांच्याकडे नेऊन बसवलं होतं. चाचांनी पन्नास वर्षं मोठमोठ्या गवयांना साथ केली, पण स्वतःचं नाव फारसं झालं नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. साथीदाराची दोन कामं असतात, असं ते शिकवायचे. पहिलं, गाणाऱ्याच्या मागं जायचं, तो जिथं पाऊल ठेवील तिथं सतरंजी अंथरायची. दुसरं काम अवघड. गाणारा चुकीच्या लयीत अडकला, की त्याला कळू न देता आपल्या मागं आणायचं. आधी चार आवर्तनं त्याच्याबरोबर चालायचं, त्याचा विश्वास बसला की हळूच पुढं व्हायचं.

पद्मजानं हेच यंत्राला शिकवलं. अकरा महिने चाचा स्टुडिओत येत होते. समोर वेगवेगळे गाणारे बसवले, चाचांच्या बोटांना आणि गाणाऱ्यांच्या गळ्याला संवेदक लावले, आणि कुणाच्या श्वासाला चाचांनी कधी किती उत्तर दिलं याची नोंद केली. त्यातून तयार झालेल्या प्रणालीचं नाव तिनं 'साथ' ठेवलं. ट्रॅक सुरू झाला की साथ पहिली दोन मिनिटं नुसती ऐकायची आणि गाणाऱ्याच्या मागं जायची. मग हवी असेल तिकडं लय सरकवायची. मिनिटाला साठ ठोक्यांवरून पंचाहत्तर ठोके एका क्षणात झाले तर तान्हं मूलही दचकतं. तेच वीस मिनिटांत झाले तर कुणालाच कळत नाही. गाणाऱ्यांना वाटायचं, आज आपला गळा फार मोकळा आहे.

याच सुमारास चाचांना कंपवात झाला. हात थरथरू लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे पाय जमिनीला चिकटू लागले. दारात आले की उंबऱ्यावर ते पाच-पाच मिनिटं खिळून उभे राहायचे. या आजारात पाय अधू होत नाहीत. पाऊल कधी टाकायचं हे मोजणारी मेंदूतली आतली घड्याळं बिघडतात. पण ऐकलेला ठोका थेट पायापर्यंत नेणारी, विचाराला वगळून जाणारी दुसरी एक वाट मेंदूत असते, आणि ती बहुधा शाबूत राहते. पद्मजानं चाचांच्या कानात छोटा इयरफोन बसवला आणि त्यांचाच ठेका साथमधून सोडला. चाचा ज्या लयीत पाय ओढत होते ती लय साथनं आधी पकडली आणि मग हळूहळू वाढवली. चाचा स्टुडिओच्या जिन्यापासून रस्त्याच्या पलीकडच्या टपरीपर्यंत चालत गेले, चहा प्यायले आणि चालत परत आले. टपरीवाल्यासमोर पद्मजा रडली होती.

तिथून गोष्ट वाढली. मालगाव रस्त्याला 'सायंतारा' नावाच्या वृद्ध-निवासाची शाखा नुकतीच सुरू झाली होती. सांगली-मिरजेच्या निम्म्या परिचारिका जर्मनी-जपानला गेलेल्या, मुलं त्याहून लांब, आणि म्हातारी माणसं घरोघरी. सायंताराच्या व्यवस्थापिका निवेदिता आरवाडे स्वतः येऊन चाचांचं चालणं बघून गेल्या. सायंताराच्या सगळ्या शाखांत साथ वापरायचा करार झाला. त्यात चालण्यासाठी मर्यादा पद्मजानं स्वतः लिहिली होती: माणसाच्या स्वतःच्या लयीपेक्षा शंभरात चार ठोक्यांहून जास्त वाढवायचं नाही. चाचांचा मुलगा दम्मामला होता, घरी बघायला कुणी नव्हतं. कराराचा भाग म्हणून त्यांना सायंतारात कायमची खोली मिळाली. पद्मजाला तेव्हा वाटलं, आपण गुरुदक्षिणा दिली.

घरी तिची आई होती. तिला अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं स्वच्छ, डोकं शाबूत, पण घास तोंडात घोळत राहायचा. सकाळचा वाटीभर उपमा संपायला सव्वा तास लागायचा आणि पद्मजाला दहाला स्टुडिओ उघडायचा असायचा. समोर बसून ती घड्याळाकडे बघायची, आई तिच्याकडे बघायची, आणि दोघींचाही दिवस तिथंच नासायचा. एका सकाळी पद्मजानं स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर साथ लावली. साथमध्ये पहिल्यापासून असलेली, पहाडी रागात तिनंच बांधलेली एक साधी धून, खाली चाचांचा सोळा मात्रांचा तीनताल, पहिल्या मात्रेवर सम. आईच्या चावण्याची लय पकडली आणि रोज थोडी थोडी सरकवली. पंधरा दिवसांत आई पंचवीस मिनिटांत खाऊ लागली. पद्मजानं आईला यातलं काही सांगितलं नाही. आरवाड्यांशी मात्र दुसऱ्याच कामासाठी फोनवर बोलताना हसत हसत बोलून गेली, की साथ उपमासुद्धा संपवते.

त्यानंतर सात-आठ महिने गेले. एका गुरुवारी पद्मजा सायंतारात गेली, कारण चाचा तीन दिवस फोन उचलत नव्हते. पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते. शालन नावाची कवठ्याची एक सेविका तिच्या ओळखीची होती. जेवणाची वेळ झालीय, चाचा हॉलमध्येच भेटतील, असं ती म्हणाली.

हॉलमध्ये चाळीसेक म्हातारी माणसं लांब टेबलांशी बसली होती. सगळ्यांच्या गळ्याला निळी प्लास्टिकची लाळेरी. पुढ्यात एकसारख्या वाट्यांत वरण-भात कालवून ठेवलेला. छतातून हार्मोनियम वाजू लागली आणि पद्मजाला तिची पहाडीतली धून ओळखू आली. खाली चाचांचा ठेका.

समेवर चाळीस तोंडं उघडली.

आधी तिला तो योगायोग वाटला. मग चमचे आत गेले, ओठ मिटले आणि चाळीस जबडे एकाच ठोक्यावर हलू लागले. चौदाव्या मात्रेपर्यंत चावणं, पंधराव्या-सोळाव्या मात्रेला गिळणं, आणि समेवर पुन्हा तोंडं उघडी. ज्यांचे हात चालत नव्हते त्यांना सेविका भरवत होत्या, आणि त्यांचेही हात त्याच लयीत वरखाली होत होते. कुणी कुणावर जबरदस्ती करत नव्हतं. आरडाओरडा नव्हता, नकार नव्हता. हॉलमध्ये कवळ्यांचा आणि ओल्या चावण्याचा एकच एक चपचप आवाज होता. तबल्याचा डग्गा घुमायचा आणि बरोबर त्यावर तो आवाज यायचा, जणू एकच मोठं तोंड खात होतं.

दहाव्या मिनिटाला लय चढलेली पद्मजाला कळली. तिथं हे कळणारी आपण एकटीच आहोत असं तिला वाटलं. खिडकीपाशी बसलेल्या एका आजींना ठसका लागला. मधल्या मात्रेवर त्या खोकल्या, वरण हनुवटीवरून लाळेऱ्यात ओघळलं, डोळ्यांत पाणी आलं. आधीचा घास तोंडात तसाच होता. पण सम आली आणि त्यांचं तोंड उघडलं. आतला अर्धा चावलेला पिवळा लगदा पद्मजाला स्पष्ट दिसला. त्यावर सेविकेनं पुढचा चमचा ठेवला. सेविकाही आजींकडे बघत नव्हती. तीही ठेक्यावर होती.

मग तिला चाचा दिसले. ते पलीकडच्या टेबलाच्या टोकाला बसले होते आणि त्यांची नजर पद्मजावर होती. डोळे एकदम जागे, तिला चांगले ओळखणारे, आणि खाली जबडा त्यांच्याशी काही संबंध नसल्यासारखा चालत होता. समेवर त्यांचं तोंड उघडलं. त्यांच्या स्वतःच्या हातानं पाडलेल्या समेवर. शालननं घास घातला. ते चावत राहिले आणि पद्मजाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले, तोंड मात्र पुढच्या समेला उघडलंच.

पद्मजा बाहेरच्या बेसिनपाशी गेली आणि सकाळचं सगळं ओकली. नळ सोडून ती कितीतरी वेळ चुळा भरत राहिली. आत संगीत थांबलं तेव्हा जेवण सुरू होऊन अठरा मिनिटं झाली होती.

आरवाड्यांच्या खोलीत ती शिरली तेव्हा त्या स्वतः उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी खात होत्या. त्या रात्रपाळी करून दिवसपाळीलाही थांबल्या होत्या, चेहरा पांढरा पडला होता. पद्मजाला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण पहिल्यांदा तिला त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडेच बघवेना. तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, की हे कधीपासून चाललंय.

आरवाड्यांनी काही लपवलं नाही. सहा महिन्यांपासून, त्या म्हणाल्या. पूर्वी एक जेवण सरासरी पन्नास मिनिटं चालायचं आणि चार सेविका त्यात अडकायच्या. निम्मे जण अर्धवट ताटावरून उठायचे. आता सगळ्यांची वाटी रिकामी होते, तीस जणांची वजनं वाढली, घरची मंडळी खूश आहेत. ठसके वाढले का, तर नाही, थोडे कमीच झाले. वाचलेल्या वेळात सेविका अंथरुणं बदलतात, त्यामुळं पाठीच्या जखमा कमी झाल्या. प्रत्येक गोष्टीचा कागद त्यांच्याकडे होता.

पद्मजानं विचारलं, की साथ आधी माणसाच्या मागं जाते, ती दोन मिनिटं कुठं गेली.

"चाळीस माणसांच्या चाळीस लयी. कुणाच्या मागं जाणार?" आरवाडे म्हणाल्या. "ते आम्ही काढून टाकलं. काल जिथं लय संपली, आज तिथून सुरू होते."

म्हणजे साथीतली साथ काढून टाकली होती, फक्त ओढून नेणं ठेवलं होतं. पद्मजा म्हणाली, की शंभरात चारची मर्यादा होती. आरवाड्यांनी शांतपणे करार काढून दाखवला. ती मर्यादा चालण्याला होती. जेवणाबद्दल करारात एक अक्षर नव्हतं, कारण तेव्हा जेवणाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"डोक्यात तुम्हीच घातलंत, ताई. आईच्या उपम्याचं तुम्ही सांगितलंत. मी त्याच संध्याकाळी आमच्या तंत्रज्ञांना फोन केला." हे बोलताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट कृतज्ञता होती. पुढच्या महिन्यापासून आंघोळ आणि संडासलाही लावून बघणार आहोत, असंही त्यांनी सांगितलं. सकाळी रांग लागते ती मोडेल. त्यासाठी वेगळी धून लागली तर पद्मजानं बांधून द्यावी, अशी त्यांची इच्छा होती.

पद्मजा उठली आणि नमस्कार न करता बाहेर पडली. त्या दिवशी चाचांना भेटायचं धैर्य तिला झालं नाही. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली, विशेषतः उजव्या अंगठ्याची. रोज सकाळी स्वयंपाकघरात ती त्यानंच साथ सुरू करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईपुढं उपम्याची वाटी ठेवली आणि स्पीकर लावला नाही. आईनं चमचा हातात घेतला. मग काहीच झालं नाही. आई चमच्याकडे बघत राहिली. तिनं घास तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबली. पुन्हा चावायला सुरुवात केली, पुन्हा थांबली. उतरत्या जिन्यात पायरी आहे की नाही ते अंधारात चाचपावं, तसं ती खात होती. दहा मिनिटांत चार घास.

"आज गाणं नाही का लावलंस?" तिनं विचारलं.

पद्मजानं सगळं सांगून टाकलं. गाणं कशासाठी होतं, लय कशी सरकवली, कधीपासून. आई चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

आई वाटीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, मी बरी होतेय."

तिनं शेजारच्या काकूंना, भाच्याला, फिजिओथेरपीवाल्या बाईला, सगळ्यांना सांगितलं होतं, की माझं खाणं सुधारलं. आता तिनं वाटी पुढं सरकवली. नंतर ती स्वतःच म्हणाली, की उद्यापासून लाव, तुझा खोळंबा नको. पद्मजाला ते ऐकवलं नाही. ती तिथंच बसून राहिली आणि स्टुडिओत येणाऱ्यांना फोन करून उशीर होईल असं सांगितलं. उपमा संपायला दीड तास लागला. तो दीड तास प्रेमात गेला असंही नव्हतं. समोर बसून तिला चावण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि आपल्याच आईचं खाणं आपल्याला बघवत नाही याची किळस वेगळीच होती.

शनिवारी ती चाचांकडे गेली. ते खोलीत पलंगावर बसले होते. मोबाइल पालथा करून टेबलावर ठेवला होता. पद्मजानं माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला. हात हवेत थरथरत राहिला.

त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. स्वतःचा हात ते ओळखणार नाहीत का? लय चढतेय हेही कळत होतं, कुठल्या आवर्तनात चढली हेसुद्धा सांगता आलं असतं. त्यांनी तोंड मिटून ठेवायचा प्रयत्न केला होता. दात आवळून बसले होते. सहा-सात आवर्तनं जमलं आणि मग सम आली की जबडा आपोआप सुटला. कान बंद करावेत, तर ठोका टेबलाच्या थरथरीतून येतो. जेवायलाच जायचं नाही असंही करून बघितलं, तर शालननं त्यांना समजावून, हात धरून नेलं. तिची काही चूक नव्हती. आरवाड्यांना त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चाचांसाठी वेगळी धून लावू म्हणाल्या. सहा महिने फोनवर त्यांनी हा विषय टाळला होता. आता फोन न उचलण्याचं कारण एवढंच होतं, की पद्मजाशी दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"मी लोकांना मागं आणलं, पोरी. आयुष्यभर आणलं," चाचा म्हणाले. "पण ते गात होते. त्यांना पुढं जायचं होतं, म्हणून मी ओढलं. यांना कुठं नेतायत? वाटी रिकामी करायला?" त्यांनी थरथरता उजवा हात मांडीवर दाबून धरला. "माझा हात उष्टा केला त्यांनी."

पद्मजानं त्याच दिवशी सायंताराला कळवलं, की दस्तगीर मुजावरांचं वादन आणि तिची धून यांचा जेवणासाठी वापर बंद करावा, आणि नाही केला तर ती कोर्टात जाईल. तिला वाटत होतं, मोठं भांडण होईल. भांडण झालंच नाही. चौथ्या दिवशी सभ्य भाषेत उत्तर आलं. तिच्या इच्छेचा मान राखून दोन्ही गोष्टी काढून टाकल्या आहेत. हैदराबादच्या एका कंपनीकडे याच प्रकारची प्रणाली आहे, तिच्यात माणसाचं वादन लागत नाही, तबला यंत्रच तयार करतं, आणि ती थोडी जास्तच परिणामकारक दिसते. चालण्यासाठी साथचा करार चालू ठेवायला सायंताराला आवडेल. सोबत एकोणतीस कुटुंबांच्या सह्यांचं पत्र जोडलं होतं. आमचे आईवडील पोटभर जेवतात, कृपा करून त्यात अडथळा आणू नये. सह्यांमध्ये तिच्याकडून ट्रॅक करून घेतलेल्या दोघांची नावं होती.

तिनं ते पत्र दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिला कुणाचा राग आला असता तर सोपं गेलं असतं. 

चाचांना तिनं घरी यायला सांगितलं. घरातली एक खोली रिकामी करता येईल, आईलाही सोबत होईल. दम्मामच्या मुलाशी बोलून तिनं कागदपत्रं केली. पुढच्या बुधवारी अकराला ती रिक्षा घेऊन सायंतारात आली. सामान म्हणजे एक पेटी आणि कापडात गुंडाळलेली तबल्याची जोडी, ती शालननं आधीच रिक्षात नेऊन ठेवली. पद्मजानं कानातला इयरफोन पुढं केला. चालायला साथ लागणारच, असं तिनं गृहीत धरलं होतं.

चाचा नको म्हणाले.

तिनं समजावलं, की हे जेवणाचं नाही, हे चालण्याचं आहे, हे चांगलं आहे, यानंच तर ते टपरीपर्यंत गेले होते. चाचा म्हणाले, माहीत आहे, पण आज नको. शालननं चाकांची खुर्ची आणली. तीही नको. मग पद्मजानं त्यांचा डावा दंड धरला आणि दोघं निघाली. खोलीपासून हॉलपर्यंत वीस-बावीस पावलं. त्यात अर्धा तास गेला. बाहेरचं दार हॉलच्या पलीकडच्या बाजूला होतं. टेबलांच्या मधून, लाळेरी बांधून बसलेल्या लोकांच्या पाठीमागून ती दारापर्यंत पोचली आणि उंबऱ्यावर चाचांचे पाय चिकटले.

त्याच वेळी मागं जेवण सुरू झालं.

नवा तबला स्वच्छ होता, एकही मात्रा इकडची तिकडं नाही. पद्मजाची पाठ हॉलकडे होती, पण पहिल्या समेला चाळीस तोंडं उघडल्याचा तो बारीक ओला आवाज तिला ऐकू आला. दुसऱ्या आवर्तनाला तिच्या हातातला चाचांचा दंड हलला. तिनं खाली पाहिलं. त्यांची उजवी टाच जमिनीवरून सुटत होती. ठोका मिळाला होता, पाय निघायला तयार होता. समोर दहा पायऱ्या, अंगण, रिक्षा. या तालावर ते पाच मिनिटांत रिक्षात बसले असते.

चाचांनी दाराची चौकट पकडली आणि टाच खाली दाबली.

पद्मजा त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, की जाऊया ना चाचा, आजचा दिवस, बाहेर पडेपर्यंत. चाचांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रत्येक मात्रेला पोटरीचा स्नायू उडत होता आणि प्रत्येक मात्रेला ते तो परत दाबत होते. वितभर पाऊल न टाकण्यासाठी हा माणूस एवढा जोर लावत होता, आणि मागं चाळीस जण काहीही जोर न लावता गिळत होते. लय चढली. पद्मजाला ती चढताना कळली, चाचांच्या दंडातूनही कळली. शालन दोनदा येऊन गेली. मागून कुणीतरी ठसकलं. पद्मजाला ओकारी आली ती तिनं गिळली आणि दंड सोडला नाही. तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती आणि तिची तिला लाज वाटत होती: हे किती वेळ चालणार?

जेवण संपलं. तबला थांबला. वाट्या गोळा केल्याचा आवाज झाला, नळ वाहिले, आणि मग हॉलमध्ये कसलाच आवाज राहिला नाही. आता चाचांचा पाय मेल्यासारखा जमिनीवर होता. चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. पद्मजाला वाटलं, की संपलं, आता खुर्ची आणावी लागणार. दोघं तशीच उभी राहिली. बाहेर गुलमोहराखाली माळी पाइप ओढत नेत होता.

मग चाचांनी उजवा पाय उचलला. तो उंबऱ्याला अडला, त्यांनी तो मागं घेतला, पुन्हा उचलला आणि पलीकडं टेकवला. बऱ्याच वेळानं डावा आला.

"चल," ते म्हणाले.

पायऱ्या उतरून अंगण ओलांडेपर्यंत ते चार वेळा थांबले. रिक्षावाला कंटाळून मागच्या सीटवर तबल्यांना पाठ लावून झोपला होता. त्याला हाका मारून उठवावं लागलं.